उलुरूचे पाहुणे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१८७३ सालचा जुलै महिना. ऑस्ट्रेलिया खंडाच्या अगदी पोटात, चहूकडे तांबडी वाळू आणि काटेरी गवत असलेल्या माळावर, दोन माणसे एका अजस्र खडकावर चढत होती. एक विल्यम गॉस, ॲडलेडच्या सरकारी नोकरीतला भूमापक. दुसरा कामरान, त्याच्या तांड्यातला उंटवाला. दोघेही अनवाणी. माथ्यावर पोचेपर्यंत गॉससाहेबांच्या पायांना फोड आले आणि त्यांना धड उभे राहवेना. कामरान मात्र त्या तापल्या-धारदार दगडावर घरच्या अंगणात फिरावे तसा फिरत होता. ही नोंद खुद्द गॉसनेच आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. कामरानने काही लिहून ठेवलेले नाही.

त्या दोघांची अनवाणी पावले माझ्या मनातून जात नाहीत. आपल्याकडे मशिदीत, दर्ग्यात, देवळात शिरताना पायताण उंबऱ्याबाहेर काढायचे, हे कुणाला शिकवावे लागत नाही. इथेही पायताण निघाले होते, पण ते पाय घसरू नये म्हणून निघाले असावे. आपण कुणाच्या तरी उंबऱ्यावर उभे आहोत, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यायची त्या काळात रीतही नव्हती. गॉसने त्या खडकाला दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे मुख्य सचिव सर हेन्री एअर्स यांचे नाव देऊन टाकले, ‘एअर्स रॉक’. पुढची शंभरएक वर्षे जगाने त्याला याच नावाने ओळखले. त्याचे खरे नाव उलुरू. या शब्दाचा वेगळा असा काही अर्थ नाही, ते त्या जागेचे नाव आहे. तिथल्या एका घराण्याचेही तेच आडनाव आहे. एका बाजूला मुख्य सचिवाची मर्जी, दुसऱ्या बाजूला घराण्याचे आडनाव. जागेवर हक्क कुणाचा, हे निदान मला तरी एवढ्यावरून कळते.

उलुरू म्हणजे आहे तरी काय? सपाट माळावर एकटाच उभा असलेला एक सलग खडक. पायथ्यापासून उंची ३४८ मीटर, घेर साडेनऊ किलोमीटरच्या आतबाहेर. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी जुन्या डोंगरांवरून वाहून आलेली वाळू इथे साचली, दबली, तिचा दगड झाला आणि मग पृथ्वीच्या हालचालींनी तो असा काही कलंडला की एरवी आडवे असणारे थर जवळजवळ उभे झाले. आपल्याला दिसते ते केवळ टोक आहे. बाकीचा दगड खाली, जमिनीच्या पोटात गेलेला. आतून तो करडा आहे. वरचा तांबडा रंग त्यातल्या लोखंडाच्या गंजाचा. सकाळ-संध्याकाळी तिरपे ऊन पडले की हा गंज निखाऱ्यासारखा पेटतो आणि जगभरचे कॅमेरे त्याच घटकेची वाट पाहत बसलेले असतात. मी तिथे गेलेलो नाही. वाचून आणि चित्रफिती पाहून जे कळले ते सांगतो आहे. पण त्या रंगाचे वर्णन करायच्या फंदात मी पडणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांनाही ते फारसे जमलेले दिसत नाही.

थोडे कामरानविषयी. वाळवंटात घोडा फार टिकत नाही, हे इंग्रजांना लवकर कळले होते. आदल्याच वर्षी, १८७२मध्ये, अर्नेस्ट जाइल्स नावाचा प्रवासी घोडे घेऊन या बाजूला आला, पण अमेडियस नावाच्या खाऱ्या सरोवराच्या दलदलीने त्याला अडवले आणि तो दूरवरचे डोंगर पाहून परत फिरला. गॉसपाशी उंट होते म्हणून तो पोचला. आणि उंट म्हटले की उंटवाला आलाच. १८६०च्या दशकापासून ऑस्ट्रेलियात जहाजांनी उंट उतरू लागले. त्यातले पुष्कळसे कराचीच्या बंदरातून चढवलेले. कराची म्हणजे सिंध, आणि सिंध त्या वेळी आपल्या मुंबई इलाख्यात होता, हे आज आपण विसरून गेलो आहोत. १८६६च्या सुमारास टॉमस एल्डर या धनिकाने शंभराहून अधिक उंट आणि ३१ उंटवाले एका खेपेत मागवले. १९२०पर्यंत सुमारे २० हजार उंट आणि किमान २ हजार माणसे तिकडे गेली असावीत, असा अंदाज आहे. कुणी बलुची, कुणी पठाण, कुणी पंजाबी, कुणी सिंधी. गोऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव दिले, ‘अफगाण’, आणि त्याचे तुटके रूप ‘घान’. ॲडलेडहून निघून वाळवंट ओलांडणाऱ्या प्रसिद्ध रेल्वेगाडीचे नाव आजही ‘द घान’ आहे. याच लोकांनी तारांचे खांब वाहिले, लोकरीच्या गासड्या वाहिल्या, वाटेवर खजुराची झाडे लावली, पत्र्याच्या मशिदी उभारल्या. पुढे १९०१ साली गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे धोरण आले. मग मोटारट्रक आले आणि उंटांची गरज संपली. मालकांनी उंट मोकळे सोडून दिले. त्यांची रानटी झालेली पिल्लावळ अजून त्या वाळवंटात हिंडते आहे.

गॉसने नकाशावर एका विहिरीला कामरानचे नाव दिले आणि एका टेकडीला अलाना नावाच्या दुसऱ्या उंटवाल्याचे. कृतज्ञता होती, नाही असे नाही. पण मला गंमत वाटते ती अशी की, ज्यांना स्वतःचे खरे गाव आणि जात-जमात सांगायची सोय उरली नव्हती, त्यांची नावे अशा पाण्याला आणि टेकडीला चिकटली, ज्यांची स्वतःची नावे पुसली गेली होती.

आता मूळ मालकांकडे वळू. ते स्वतःला अनंगू म्हणवतात. या शब्दाचा अर्थ नुसता ‘माणसे’. पिचंचाचारा आणि यंकुन्जाजारा या त्यांच्या भाषा. मध्य ऑस्ट्रेलियात माणसाचा वावर ३० हजार वर्षांपेक्षा जुना आहे, असे उत्खनने सांगतात. अनंगू असे आकडे मोजत बसत नाहीत. ते म्हणतात जुकुर्पा. युरोपियनांनी अशा शब्दांचे भाषांतर ‘स्वप्न’, ‘स्वप्नकाळ’ असे करून टाकले आणि पुस्तकांतून ते आपल्याकडेही आले. अनंगूंना ते मान्य नाही. जुकुर्पा हे कुणाला पडलेले स्वप्न नव्हे. ती जग घडल्याची कथा आहे, वागण्याचा कायदा आहे, पाणी कुठे मिळेल याचा नकाशा आहे आणि कुणाचे कुणाशी काय नाते याची वंशावळही आहे. आपल्या ‘धर्म’ या शब्दाचा जो जुना, ऐसपैस अर्थ होता, तो याच्या थोडा जवळ जातो.

उलुरूवरचा प्रत्येक खळगा, भेग, काळा ओघळ हे या कथेतले वाक्य आहे. माला नावाचा सशाएवढा लहानसा कांगारू असतो. या माला लोकांची कथा अशी : ते उत्तरेकडून इथे आले आणि त्यांनी आपला विधी मांडला. पुरुष खांब रोवायला खडकाच्या माथ्यावर गेले. तेवढ्यात पश्चिमेकडून दोघे जण दुसऱ्या विधीचे आमंत्रण घेऊन आले. आमचे कार्य सुरू झाले आहे, ते अर्धवट टाकून येता येणार नाही, असे मालांनी सांगितले. नकार मिळालेल्यांनी रागाने कुर्पनी नावाचा कुत्र्यासारखा राक्षस निर्माण करून पाठवला. खंड्या पक्षिणीने ओरडून सावध केले, पण तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. कुर्पनी आला, त्याने माणसे मारली, उरलेले दक्षिणेकडे पळाले. ज्या वाटेने माला पुरुष वर गेले, नेमक्या त्याच वाटेवर पुढे पर्यटकांची चढाई सुरू झाली.

दुसरी कथा कुनिया या अजगरीणीची. तिच्या भाच्याला लिरू या विषारी सापांनी मारले. ती दुःखाने आणि संतापाने आली आणि मुटिजुलू नावाच्या पाणवठ्यापाशी तिने एका लिरूला ठार केले. तिच्या घावांच्या खुणा खडकावर दाखवतात. हा पाणवठा लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

या कथा मी सांगू शकतो, कारण त्या पाहुण्यांना सांगायच्या कथा आहेत. लहान मुलांना सांगतात तेवढ्याच. याच्या आतल्या कथा केवळ दीक्षा घेतलेल्यांच्या. काही जागा फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या. तिथे फोटो काढायचा नाही, कारण बायकांच्या जागेचा फोटो एखाद्या पुरुषाच्या नजरेस चुकूनसुद्धा पडू नये. आजच्या माणसाला हे जड जाते. सगळे मला कळलेच पाहिजे, असा आपला हट्ट असतो. पैसे दिले आहेत, तिकीट काढले आहे, मग दार बंद का? मी कविता लिहिणारा माणूस आहे. काही गोष्टी न सांगितल्याने टिकतात, एवढे या धंद्यात कळते. पण अनंगूंचा मुद्दा याहून साधा आहे. ज्याला ज्ञान दिले त्याच्यावर जबाबदारी येते. जो उद्या विमानात बसून निघून जाणार, तो जबाबदारी कशी घेणार?

सगळेच पाहुणे पाहण्यासाठी आले नव्हते. १९३४ सालची गोष्ट. एका आदिवासी माणसाचा पारंपरिक कायद्याप्रमाणे वध झाला होता. त्याचा तपास करायला बिल मॅकिनन नावाचा पोलीस शिपाई उंट आणि आदिवासी वाटाडे घेऊन आला. त्याने संशयितांना पकडून साखळ्या घातल्या. ते निसटले. माग काढत तो उलुरूपर्यंत पोचला. जखमी झालेला योकुनुन्ना नावाचा तरुण मुटिजुलूच्या पाणवठ्याजवळच्या गुहेत लपला होता. मॅकिननने त्याला तिथे गोळी घातली. ज्या जागी कुनियाने भाच्याच्या मरणाचा जाब विचारला, तीच ही जागा.

१९३५मध्ये चौकशी झाली. चौकशी मंडळाने पुरलेला देह उकरून काढला आणि अवशेष ॲडलेडला नेले. निर्णय असा की, गोळीबार कायद्यात बसतो, पण त्याची गरज नव्हती. मॅकिनन नोकरीत राहिला, बढत्या घेत निवृत्त झाला. आपण नेम धरला नव्हता, असे त्याने सांगितले होते. पुढे कित्येक दशकांनी मार्क मॅकेना या इतिहासकाराला मॅकिननच्या घरच्यांनी जपलेली मूळ टिपणवही पाहायला मिळाली. लागावी म्हणूनच गोळी झाडली, असे तिच्यात त्यानेच लिहून ठेवले होते. मॅकेनाचे पुस्तक २०२१ साली आले.

त्या दिवशी निसटलेल्यांपैकी एक पॅडी उलुरू. मेलेल्याचा भाऊ, आणि त्या खडकाचा परंपरेने मुख्य वारस. तो या भीतीने दक्षिणेकडे गेला आणि वर्षानुवर्षे परतला नाही. घराचा मालक परागंदा होता आणि नेमक्या त्याच काळात घरात पाहुण्यांची रीघ लागायला सुरुवात झाली, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास नीट कळत नाही. ‘तेव्हा कुणी अडवले नव्हते’ असे चढाईचे समर्थक नेहमी म्हणत. अडवणार कोण?

पर्यटनाचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण तो जगात सगळीकडे सारखाच असतो. १९३६मध्ये पहिले पर्यटक आले. १९४८मध्ये कच्चा रस्ता झाला. १९२०पासून हा भाग आदिवासींसाठी राखीव होता. १९५८ साली खडक आणि शेजारचे काटा जुटा हे डोंगर त्यातून वेगळे काढून राष्ट्रीय उद्यानात घातले. पायथ्याशी धावपट्टी आली, मोटेल आली. १९६४मध्ये चढायला आधार म्हणून खडकात खांब ठोकून साखळी लावली, १९७६मध्ये ती वाढवली. तीस वर्षांपूर्वी माणसांच्या गळ्यात घातलेली साखळी आता खडकाच्या अंगावर आली, असे एखाद्या अनंगू म्हाताऱ्याच्या मनात आले असेल का, कोण जाणे. हळूहळू उलुरूवर चढणे हे प्रत्येक ऑस्ट्रेलियनाने आयुष्यात एकदा करायचे कर्तव्य झाले. १९८३मध्ये राजपुत्र चार्ल्स आणि डायना यांनीही थोडे वर चढून छायाचित्रे काढून घेतली.

अनंगूंनी या चढणाऱ्यांना एक नाव ठेवले, ‘मिंगा’. त्यांच्या भाषेत मिंगा म्हणजे मुंग्या. लांबून पाहिले तर खडकावरून वर जाणारी ती काळी रांग तशीच दिसे. आपल्या ‘मुंगी’शी या शब्दाचे नाते काही नाही, पण ऐकल्यावर माझ्यासारख्याचा कान क्षणभर टवकारतोच. त्या शब्दात शिवी नाही. थोडी थट्टा आहे आणि पुष्कळसे आश्चर्य : एवढ्या लांबून येतात, वर जातात, खाली येतात, निघून जातात. पाहतात काय?

वर शौचालय नव्हते. माणसे जायची ती तिथेच जायची आणि पाऊस पडला की ते सगळे खालच्या पाणवठ्यांत उतरायचे. चढ फार उभा, वारा जोराचा, ऊन मरणाचे. १९५०च्या दशकापासून चढाई बंद होईपर्यंत किमान ३७ माणसे दगावली. कुणी घसरून, बरेच जण हृदय बंद पडून. हे आकडे पर्यटन खात्याला अपघात वाटतात. अनंगूंच्या कायद्यात ते तसे नाहीत. आपल्या जमिनीवर आलेला माणूस सुखरूप परत जाणे ही यजमानाची जबाबदारी. तो मेला तर शोक आपल्यावर येतो. चढू नका, असे म्हणण्यामागे माला पुरुषांच्या वाटेचे पावित्र्य होते, तसेच हेही कारण होते. हे दुसरे कारण ज्यांनी ऐकून घेतले असते त्यांना पहिले कळणे अवघड नव्हते.

ऐकून न घेण्याचा एक दाखला साऱ्या जगात गाजला. १७ ऑगस्ट १९८०च्या रात्री, पायथ्याजवळच्या तळावरून अझारिया चेंबरलेन ही नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, तिला घेऊन गेला, असे आईने आकांत करून सांगितले. अनंगू मागकाढ्यांनी त्याच रात्री वाळूत डिंगोची पावले पाहिली, त्याने काहीतरी ओढत नेल्याच्या, टेकवल्याच्या खुणा पाहिल्या आणि तसे सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या वाळू वाचणारी ती माणसे. न्यायालयात शहरी तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेला वजन आले. १९८२ साली आई लिंडी चेंबरलेनला खुनाबद्दल जन्मठेप झाली. १९८६च्या आरंभी खडकावरून पडून मेलेल्या एका इंग्रज पर्यटकाचा शोध घेताना, डिंगोंच्या वावराच्या जागी त्या बाळाचे जाकीट सापडले. लिंडी सुटली, १९८८मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि डिंगोनेच मूल नेले हे मृत्युचौकशी अधिकाऱ्याने लिहून दिले ते २०१२ साली. मागकाढ्यांनी एका रात्रीत वाचले ते सरकारदरबारी उमटायला ३२ वर्षे लागली.

दरम्यान जमिनीच्या हक्काचा लढा चालू होता. १९७६मध्ये आदिवासी भूमिहक्काचा कायदा झाला, पण उद्यानाची जमीन त्यातून सुटली. १९८३मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी जमीन परत करण्याची घोषणा केली आणि सोबत जी आश्वासने दिली त्यात चढाई बंद करण्याचेही होते. नॉर्दर्न टेरिटरीच्या प्रांतिक सरकारने कडाडून विरोध केला. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी खडकाच्या साक्षीने समारंभ झाला. गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांनी मालकीचा कागद अनंगूंच्या हाती दिला, तेव्हा वरून एक विमान घिरट्या घालत होते. त्याच्या शेपटीला फलक होता : एअर्स रॉक साऱ्या ऑस्ट्रेलियनांचा.

कागद हाती आला आणि काही मिनिटांतच अनंगूंनी दुसऱ्या कागदावर सही केली. त्याने ती जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने उद्यान म्हणून सरकारला परत दिली. ती अटच होती. वार्षिक भाडे, प्रवेशशुल्कात हिस्सा, व्यवस्थापन मंडळात बहुमत. आणि चढाई? ती चालूच राहिली. आश्वासन त्या गडबडीत कुठेतरी गळून गेले. या व्यवहाराला मी फसवणूक म्हणणार नाही, कारण अनंगूंनी तो उघड्या डोळ्यांनी केला होता. पण २०८४ सालापर्यंतचे भाडेकरू घरातच ठेवून घरमालकाला किल्ली देण्याचा हा प्रकार आहे, एवढे म्हटलेच पाहिजे.

मग त्यांनी काय केले? त्यांनी विनंती केली. चढाईच्या वाटेच्या तोंडाशी पाटी लावली : हे आमचे घर आहे, आम्ही चढत नाही, तुम्हीही चढू नये अशी आमची विनंती आहे. शेजारी साखळी तशीच, वाट खुली. १९९०च्या दशकात येणाऱ्यांपैकी जवळजवळ तीनचतुर्थांश लोक ती पाटी ओलांडून वर जात. समर्थकांचा युक्तिवादही तयार असे : १९४०च्या दशकात काही अनंगू वाटाडे स्वतः गोऱ्यांबरोबर माथ्यावर गेले होतेच की! गेले होते, खरे आहे. पण घरच्या माणसाने एखाद्या पाहुण्याला एकदा माडीवर नेले, म्हणून गल्लीतल्या प्रत्येकाला कायमचा जिना चढायचा हक्क मिळतो, हे तर्कशास्त्र मला उमगत नाही.

पण विनंतीही हळूहळू मुरते, हेही खरे. १९८७मध्ये जागतिक वारसा यादीत उलुरूचे नाव निसर्गस्थळ म्हणून आले होते. १९९४मध्ये ते सांस्कृतिक स्थळ म्हणूनही आले. १९९५मध्ये पायथ्याशी संस्कृती केंद्र उघडले. १९९३मध्ये सरकारी कागदांत ‘एअर्स रॉक / उलुरू’ असे जोडनाव झाले आणि २००२मध्ये क्रम उलटून ‘उलुरू’ पुढे आले. २०१०च्या उद्यान आराखड्यात असे ठरले की, चढणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली गेले तर वाट बंद करता येईल. २०१४मध्ये चार्ल्स-डायनाचे चिरंजीव विल्यम पत्नीसह आले, ते पायथ्यानेच फिरले. २०१५पर्यंत चढणारे १६ टक्क्यांवर आले. १ नोव्हेंबर २०१७ रोजी व्यवस्थापन मंडळाने एकमताने निर्णय घेतला. मंडळाचे अध्यक्ष होते सॅमी विल्सन, पॅडी उलुरूचा नातू. ही खेळायची बाग नाही, डिस्नेलँड नाही, अशा आशयाचे ते बोलले. पर्यटक येईनासे होतील म्हणून वाट उघडी ठेवा, असे दडपण आपल्या माणसांवर वर्षानुवर्षे येत होते, हेही त्यांनी सांगितले.

बंदीची तारीख ठरली २६ ऑक्टोबर २०१९, जमीन परत मिळाल्याचा ३४वा वाढदिवस. दोन वर्षे आधी तारीख जाहीर झाल्याचा परिणाम काय झाला असेल? बंद होण्याआधी एकदा चढून घेऊ, म्हणून माणसे लोटली. जून २०१९पर्यंतच्या वर्षभरात जवळपास ४ लाख लोक आले. आदल्या दिवशी, २५ तारखेला, सकाळी वाऱ्यामुळे वाट उशिरा उघडली आणि पाटीच्या समोरच शेकडोंची रांग लागली. त्या रांगेची चित्रे मी पाहिली आहेत. हौस होती, घाई होती. वाईट माणसांची रांग होती असे म्हणवत नाही. दुपारी ४ वाजता फाटक लावले. बाजूला काही अनंगू म्हाताऱ्या उभ्या होत्या. पुढे खांब उपटले, साखळी काढली. हजारो पावलांनी घासून पडलेली फिकट रेघ मात्र खडकावर राहिली.

आता पाहुणे पायथ्याने फिरतात. साधारण १० किलोमीटरची ती वाट आहे आणि मुटिजुलूच्या पाणवठ्यावरून जाते. शेजारच्या मुटिजुलू वस्तीत आजही अनेक अडचणी आहेत. १९८४मध्ये उद्यानाबाहेर यूलारा इथे हलवलेल्या हॉटेलांतला झगमगाट तिथवर पोचलेला नाही. ज्याच्या नावाने आदिवासींनी २०१७मध्ये देशाला आपले निवेदन दिले त्या उलुरूची हाक २०२३च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मतदारांनी नाकारली. आणि तरी काही गोष्टी परत येतात. योकुनुन्नाची कवटी ॲडलेडच्या संग्रहालयात सापडली. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये घरच्यांनी ती उलुरूपाशी मातीत ठेवली. ८८ वर्षांनंतर. माला कांगारू त्या भागातून नाहीसा झाला होता. तोही २००५पासून कुंपणाच्या आत का होईना, पुन्हा तिथे राहतो आहे.

आणि दगड येतात. उद्यानाच्या कचेरीत जगभरातून टपालाने पार्सले येतात. आत कधी मूठभर तांबडी वाळू, कधी खडा, एकदा तर ३२ किलोंचा धोंडा. कधीकाळी आठवण म्हणून खिशात घालून नेलेले. सोबत पत्र असते. काही जण लिहितात, हा दगड घरी आणल्यापासून आमच्यामागे साडेसाती लागली. बहुतेक जण मात्र एवढेच लिहितात की आमचे चुकले, माफ करा. उद्यानातले लोक यांना ‘माफीचे दगड’ म्हणतात. खडकाच्या कुठल्या बाजूने तो दगड उचलला होता हे कळत नाही, म्हणून त्याला मूळ जागी ठेवता येत नाही. पण पार्सल उघडतात, पत्र वाचतात आणि जपून ठेवतात.